सामाईक कोयता

टेबलावर सात फासे होते: वीस बाजूंचा एक, सहा बाजूंचे सहा. तीन कागद होते, प्रत्येकावर एकेका पात्राचं नाव आणि त्याचा उरलेला जीव. अमृतचा बाजी चव्वेचाळीस, आरतीची सगुणा सत्तावीस, समर्थचा भगत बारा. आलेखाच्या कागदावर एक बारव काढलेली होती, चाळीस पायऱ्यांची, कोरडी ठणठणीत. तिच्या तळाशी ट्रॅक्टरचा एक नट, एक चिंचोका आणि एक कवडी, म्हणजे ही तिघं. त्यांच्यासमोर पालथी घातलेली नारळाची करवंटी, म्हणजे कोरड नावाचा राक्षस. कोरडचा जीव एकशे साठ. समर्थच्या कोपराशी प्लास्टिकचं आवरण घातलेलं एक कार्ड होतं, त्यावर कोयता काढला होता. आणि अक्षदाच्या वहीखाली एक चिकटवलेलं पाकीट होतं. त्यात काय आहे, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

टेबल म्हणजे टोमॅटोच्या चार कॅरेटांवर आडवं टाकलेलं जुनं दार, आणि जागा म्हणजे कळंबला आरतीच्या घरामागची कांदा साठवायची बराख. कांदा विकून झाला की ती रिकामी व्हायची. फळ्यांच्या फटींतून ऊन आत यायचं, पण वास काही जायचा नाही. दर रविवारी दुपारी अडीचला चौघं तिथं जमत आणि साडेपाचला उठत. त्यापुढं थांबत नसत, कारण जाताना रस्ता उसातून होता आणि बिबट्याला रविवार-सोमवार कळत नाही.

खेळ साधा होता. अक्षदा गोष्ट सांगायची, म्हणून सगळे तिला मास्तर म्हणत. बाकीचे तिघं गोष्टीतल्या एकेका माणसाचं काय करायचं ते ठरवायचे, आणि मारामारी आली की फासे ठरवायचे. कॉलेजात असताना तिनं हा खेळ शिकून घेतला आणि त्यातला परदेशी मुलूख काढून टाकून घाटमाथा घातला. अशा महिनोन् महिने चालणाऱ्या गोष्टीला ते मोहीम म्हणत. ही मोहीम आज एकोणतिसाव्या बैठकीला आली होती.

अक्षदा रसायनशास्त्रात पदवी घेऊन पारगावच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली होती. दिवसभर उसाच्या रसातली साखर मोजायची. मोजण्याची सवय इथंही सुटत नव्हती. तिच्या वहीत प्रत्येक लढाईच्या फेऱ्या, प्रत्येकाचे घाव, सगळं तारखेवार होतं. आणि त्याच वहीत, तिसऱ्या बैठकीच्या पानावर, लाल शाईत तिची स्वतःची चूक लिहिलेली होती: 'पाखऱ्या आज दिला. फार लवकर.'

पाखऱ्या म्हणजे तो कोयता. दुसऱ्या बैठकीत आरतीनं चार वेळा जांभई दिली होती, आणि खेळ बुडतो की काय या धास्तीनं अक्षदानं पुढच्याच बैठकीत घाईघाईनं जादूचा कोयता काढला. त्याचा घाव बसला की समोरच्याचा जीव पाच फाशांवर पडेल तेवढा आणि वर तीस कमी व्हायचा. साध्या कुऱ्हाडीला एक फासा आणि वर चार. अमृतनं त्याला शर्यतीच्या बैलाचं नाव दिलं आणि तिघंही खूश झाले. पाखऱ्याच्या आधी एक लढाई सरासरी आठ फेऱ्या चालायची. पाखऱ्यानंतर अडीच. आधी तिघांचे घाव जवळपास सारखे असत. नंतर शंभरातले चौऱ्याऐंशी, ज्याच्या हातात पाखऱ्या त्याचे. बाकीचे दोघं चहा प्यायचे. मग तिनं राक्षस मोठे केले. झालं असं की ज्याच्या हातात पाखऱ्या नाही, तो मरायला लागला. आरतीची ही तिसरी सगुणा होती.

"नाव तरी बदल," अक्षदा एकदा म्हणाली होती.

"कशाला? नवीन नाव शिकंपर्यंत ही बी जायची," आरतीनं उत्तर दिलं होतं.

कोयता कुणी वापरायचा यावरून चौथ्याच बैठकीत भांडण लागलं. ते अमृतनं दोन मिनिटांत मिटवलं. पाळी लावायची, विहिरीच्या पाण्यासारखी. एका बैठकीला एकाची पाळी. पाळीत दुसऱ्यानं हात लावायचा नाही. गैरहजर राहिला तर त्याची पाळी बुडाली. पुढं मोहिमेत जे सापडेल ते सगळं सामाईक, आणि नव्या वस्तूची पहिली पाळी थोरल्याची. तिघांनी माना डोलावल्या, जणू हे सगळं आधीपासून ठरलेलंच होतं. अक्षदा जुन्नर शहरात वाढलेली. तिच्या घरी पाणी नळाला यायचं. तिला वाटलं, चला, प्रश्न सुटला.

आज पाळी समर्थची होती. भगत हा मंत्र-मुळ्यांचा माणूस, मनगट काडीसारखं. कोरडला घाव घालायचा तर बाजीला वीसबाजू फाशावर अकरा पुरत; भगताला सतरा लागत. म्हणजे पाचातून एकदा.

हे सगळं चाललं असतं. पण गेल्या रविवारी उठताना अमृत गाडीला किक मारता मारता म्हणाला होता, "मास्तर, एक सांगून ठेवतो. या पाळीच्या नादात माझा बाजी गेला, तर मी परत येणार न्हाई." ते गमतीनं म्हटलेलं नव्हतं. अक्षदा आठवडाभर तेवढाच विचार करत होती. अमृत आणि समर्थ सख्खे चुलतभाऊ, एकाच वस्तीवरचे, एकाच बांधाचे. मे महिन्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. पूर्वी एका गाडीवर यायचे, आता दोन गाड्यांवर येत, दहा मिनिटांच्या अंतरानं. रस्त्यात भेटले तर मान वळवत. फक्त या दाराच्या दोन बाजूंना बसून ते एकमेकांशी बोलत, तेही बाजी आणि भगत म्हणून. अमृत उठून गेला, तर तेवढंही संपलं.

म्हणून पाकीट. पण ते केव्हा फोडायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"तळाशी चिखल नाही, माती नाही," अक्षदा सांगू लागली. "हाडं आहेत. गुरांची, माणसांची, सगळी चोखून पांढरी केलेली. कोरड उठतो. त्याला डोळे नाहीत. तोंड कठड्याएवढं, आत दातांच्या तीन रांगा. गावातलं पाणी त्यानं संपवलंय. आता त्याला तुमच्या अंगातलं ओलं हवंय."

"पहिली मीच," आरती म्हणाली. सगुणा गोफण चालवायची. आरतीनं फासा टाकला. "पंधरा! हाण!"

दगड कोरडच्या जबड्यावर बसला. दोन दात खळकन हाडांच्या ढिगात पडले. नऊ गेले. समर्थनं कार्ड पुढं सरकवलं, हातावर फुंकर मारली आणि फासा सोडला. चार. पाखऱ्या हवेतून सपकन गेला आणि बारवेच्या दगडावर ठिणग्या उडाल्या. अमृतचा बाजी कुऱ्हाड घेऊन सरळ आत शिरला आणि कोरडच्या मांडीत पातं रुतवलं. आठ. रक्ताऐवजी भुकटी उडाली.

आता कोरडची वेळ. अक्षदा त्याचे फासेही सगळ्यांदेखत टाकायची. त्याबाबतीत तिनं कधी लपवाछपवी केली नव्हती.

"बाजीच्या बरगडीत दात घुसतात," ती म्हणाली. "तो ओढतो. कातडं सोलून निघतं, आणि जिथून निघतं तिथं रक्त यायच्या आधी तो ते पिऊन टाकतो. तेरा."

"एकतीस उरले," अमृतनं कागदावर खोडलं. मान वर न करता तो म्हणाला, "भगत, तो कोयता हातात शोभंला धरलाय का?"

"पाळी माझी हाय. शोभंला धरीन न्हाईतर पाठ खाजवीन."

दुसऱ्या फेरीत सगुणाचा दगड सात घेऊन गेला, आणि समर्थच्या फाशावर अठरा आले. तो जागेवरून उडालाच. पाच फासे दारावर गडगडले. सतरा, वर तीस, सत्तेचाळीस. पाखऱ्यानं कोरडचा डावा पाय गुडघ्यातून उडवला. पाय बाजूला पडला आणि पडल्यावरही घोट्यातून वळवळत राहिला. कोरड कोसळताना त्याच्या पंजानं सगुणाला भिंतीवर आपटलं. तिच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज चाळीस पायऱ्या वर ऐकू गेला असता. पंधरा गेले.

"आई गं," आरती म्हणाली आणि स्वतःचाच खांदा चोळला. "बारा उरले. आता मी आन भगत सारखेच मरतुकडे."

अमृतचा घाव चुकला. कोरडचे एकोणनव्वद उरले होते.

तिसऱ्या फेरीत सगुणानं सहा घेतले. समर्थला नऊ पडले, वाया. बाजीनं कुऱ्हाड दोन्ही हातांनी घालून नऊ घेतले, पण पातं बरगड्यांत अडकलं. अक्षदानं सांगितलं की कोरड उलटा फिरला आणि दांडा बाजीच्या हातातून हिसकला गेला. मग त्यानं बाजीला मांडीला धरलं, वर उचललं आणि भिंतीवर घासत गोल फिरवलं. दगडावर ओल्या रेघा उमटल्या. सोळा.

"पंधरा," अमृत म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "हत्यार न्हाई. पंधरा जीव. आन पाखऱ्या बघा, कसा निवांत."

"मग म्हण की काय म्हणायचं ते," समर्थ म्हणाला.

"मला काय म्हणायचं न्हाई."

अक्षदानं घड्याळ पाहिलं. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती. तिनं मनात आकडे जुळवले. कोरडचे चौऱ्याहत्तर. भगताचा आणखी एक घाव बसला तरी पुरणार नाही. बाजी फार तर दोन फेऱ्या जगेल. पाखऱ्या तिनं गरज नसताना दिला होता. आता गरज होती. वस्तू द्यायची वेळ हीच, असं तिला वाटलं. तिनं पाकीट फोडलं.

"बाजी पडला तिथं हाडांखाली काहीतरी थंड लागतं," ती म्हणाली. "तो उपसतो. कासवाच्या पाठीची ढाल. तिच्याआड जागचा न हलता जो उभा राहील, त्याला कोरडचा दात लागत नाही." तिनं नवं कार्ड अमृतसमोर ठेवलं. तिला हायसं वाटलं. एकाकडं कोयता, दुसऱ्याकडं ढाल. फिट्टंफाट.

अमृतनं कार्डाला हात लावला नाही.

"सामाईक," समर्थ शांतपणे म्हणाला.

"काय?"

"मोहिमेत सापडलं ते सामाईक. नियम त्यानंच केलाय. आन नव्या वस्तूची पहिली पाळी थोरल्याची. मी चार महिन्यांनी थोरला."

"अरे पण तो मरतोय!" अक्षदाचा आवाज चढला. "ढाल त्याला सापडली. त्याच्याच अंगाखाली होती!"

"इहीर बी आमच्याच रानात लागली व्हती," समर्थ म्हणाला. "म्हणून काय सगळी आमची झाली?"

अक्षदानं अमृतकडं पाहिलं. तो भांडेल, असं तिला वाटलं. भांडला असता तर तिनं त्याच्या बाजूनं कौल दिला असता. पण अमृतनं बोटाच्या टोकानं कार्ड दारावरून समर्थकडं ढकललं. "नियम म्हंजी नियम. घे."

आरतीनं कपाळावर हात मारला. "एका हातात कोयता, दुसऱ्या हातात ढाल, आन अंगात जीव बारा. राव समर्थ, तू माणूस न्हाई, देव्हारा झालास."

समर्थनं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी लावली.

चौथी फेरी. सगुणा एका हातानं गोफण फिरवत होती, आठ गेले. भगत ढालीआड पाय रोवून उभा राहिला आणि पाखऱ्या फिरवला. फाशावर दोन. बाजीकडं काही नव्हतं, म्हणून त्यानं माणसाच्या मांडीचं हाड उचललं आणि कोरडच्या उघड्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून टाळ्यात खुपसलं. सहा.

"तोंड मिटतं," अक्षदा म्हणाली. हे सांगायला तिला बरं वाटत नव्हतं, पण फासे समोर पडले होते. "डावा हात कोपराच्या वर तुटतो. एकदम नाही. तो चावतो, झटकतो, परत चावतो. शेवटचा स्नायू दोरीसारखा ताणला जातो आणि मग सुटतो. बारा."

"तीन," अमृत म्हणाला आणि पेन्सिल एवढ्या जोरात टेकवली की टोक तुटून उडालं.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर ऊस घेऊन रस्त्यानं गेला, तो पार लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

आरतीनं चहाचा थर्मास उचलला आणि अक्षदाला डोळ्यानं खुणावून बाहेर नेलं. चहा ओतायचं निमित्त.

"तू ती ढाल कशाला काढलीस गं?" ती हळू आवाजात म्हणाली.

"त्याला वाचवायला."

"तुला आमच्यातलं कळत न्हाई, मास्तर. मे महिन्यात काय झालं ते ठावं हाय ना?"

अक्षदाला तुकड्या-तुकड्यांनी ठाऊक होतं. आरतीनं सगळं सांगितलं, चहा हातात तसाच धरून. विहीर दोघा भावांची, तीन दिवस एकाचे, तीन दिवस दुसऱ्याचे, पाळी बदलायची सकाळी सहाला. त्या दिवशी समर्थच्या वडलांच्या, चिमाजी आप्पांच्या पाळीत वीज अकरा मिनिटं गेली. वीज गेली की तेवढी पाळी बुडाली, हे ठरलेलं. पण आप्पांनी सहा वाजल्यानंतर मोटर अकरा मिनिटं चालू ठेवली. अमृतचे वडील, सोमाजी तात्या, फावडं घेऊन बांधावर उभे होते. ते काही बोलले नाहीत, आप्पाही काही बोलले नाहीत. सहा वाजून अकरा मिनिटांनी तात्यांनी फावडं आप्पांच्या डोक्यात घातलं. कानाचा वरचा तुकडा तुटून लोंबायला लागला, स्टार्टरची पेटी रक्तानं माखली. आप्पा पडले आणि पडल्या पडल्या त्यांनी पाइपाचा पाना उचलून तात्यांच्या गुडघ्यावर घातला. वाटी फुटली. तरी तात्या एका पायावर उभे राहून मारत होते. दोन्ही पोरं धावत आली आणि आपापल्या बापाला काखेत धरून ओढत राहिली, आणि ओढता ओढता पोरांनीही एकमेकांना लाथाबुक्क्या घातल्या.

"तात्या दवाखान्यात काय म्हणत व्हते म्हाईतीये?" आरती म्हणाली. "म्हणं, थोरल्या भावानं तोंडानं मागितलं असतं तर अकरा मिनिटं काय, दिवसभर सोडलं असतं. पाणी उसनं घेतात की सगळे. मागायचं, आन परत करायचं. पर मागंल कोण?"

"उसनं?" अक्षदा थांबली. "म्हणजे पाळीतलं उसनं देता येतं?"

"न्हाईतर काय. पर ज्याला पायजे त्यानं मागायचं. आपण मदी पडायचं न्हाई. मदी पडलेल्यालाच आधी लागतं."

दोघी आत आल्या. अमृत आणि समर्थ होते तसेच बसले होते, दाराच्या दोन बाजूंना, मधे करवंटी. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. अक्षदाच्या डोक्यात अजून दोन युक्त्या होत्या. वरून दोर सोडता आला असता. बाजीच्या अंगात देव आणता आला असता. दोन्ही तिनं गिळल्या. तिनं वही मिटून मांडीवर ठेवली.

"पाचवी फेरी," ती म्हणाली. "सगुणा."

आरतीनं फासा टाकला. दगड कोरडच्या गळ्यात बसला, तिथली कातडी फाटून आतली नळी दिसायला लागली. नऊ गेले. एक्कावन्न उरले.

"भगत."

समर्थनं फासा उचलला. टाकला नाही. मुठीत धरून बसला.

"टाक की," अमृत म्हणाला.

"टाकतो की. घाई काय?"

"मला न्हाई घाई. माझं काय, तीन जीव. सतरा पडले तर पडले."

"न्हाई पडायचे," समर्थ म्हणाला. "तुला बी ठावं हाय, मला बी."

"मग?"

"मग काय? तुला तोंड न्हाई का?"

अमृतनं खुर्ची मागं ढकलली आणि उभा राहिला. खुर्ची पडली. समर्थही उभा राहिला, आणि मधलं दार कॅरेटावरून हललं, करवंटी कलंडली. अक्षदानं ती एका हातानं धरली. एवढ्या जवळून तिला दिसलं की अमृतच्या भुवईतून जुनी खूण गेली होती, मे महिन्याची. समर्थचा ओठ एका बाजूनं थोडा वर शिवलेला होता. दोघांच्या मुठी आवळलेल्या. एकाच्या मुठीत फासा होता.

"मागायचं," आरती पुटपुटली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

अमृतनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. मग तो दाराच्या फळीकडं बघत, अगदी हळू, अडखळत म्हणाला, "एक घाव उसना दे."

समर्थनं मूठ तशीच आवळून ठेवली. "परत कवा?"

"पुढच्या रविवारी. माझ्या पाळीतला पयला घाव तुझा."

"येशील?"

"उसनं घेतलंय म्हणल्यावर आलंच पायजे की."

समर्थनं मूठ उघडली. फाशाचे कोपरे तळहातावर उमटले होते. त्यानं फासा दारावर ठेवला आणि अक्षदाकडं वळला. "मास्तर, पाखऱ्या त्याच्याकडं कसा पोचवायचा?"

अक्षदाला क्षणभर वाटलं, सोपं करून टाकावं. पण तिनं आलेखावर बोट ठेवलं. "तुमच्या दोघांच्या मधे कोरडचं धड आडवं आहे. फेकलास तर तो गिळेल. हातोहात द्यावा लागेल. ढाल इथंच ठेवावी लागेल, कारण ढालीआड हलता येत नाही. आणि त्याच्या तोंडासमोरून जावं लागेल."

"बारा जीव," आरती म्हणाली. "समर्थ, नीट इचार कर."

"केला." समर्थनं कवडी उचलली, करवंटीच्या पुढून सरकवली आणि नटाला चिकटवून ठेवली. कार्ड त्यानं अमृतच्या हातात दिलं, दारावरून ढकलून नाही, हातात. "धर. मूठ घसरती, घामानं."

अक्षदानं कोरडचे फासे टाकले. सगळे वाकले.

"भगत ढाल टाकून पळतो," ती म्हणाली. "कोरड त्याला वास घेऊन शोधतो. दात उजव्या खांद्यात शिरतात आणि पाठीतून बाहेर येतात. तो त्याला उचलतो आणि चोखतो. भगताचे गाल आत जातात, ओठ दातांवर वाळून चिकटतात. तरी कोयता सुटत नाही. उरलेल्या हातानं तो बाजीकडं मूठ पुढं करतो, आणि बाजी ती पकडतो." तिनं दात मोजल्यासारखे फासे मोजले. "अकरा."

"एक उरला," समर्थनं लिहिलं.

"आता बाजी," अक्षदा म्हणाली. "एक हात. तीन जीव. गळ्याची नळी समोर उघडी."

अमृतनं वीसबाजू फासा हातात घेतला. उभ्यानंच टाकला. तो दारावरून लोळत गेला, बिजागराच्या खाचेत अडला, हलला आणि थांबला.

"सतरा," आरती ओरडली.

"पाच फासे," अक्षदा म्हणाली.

अमृतनं ते ओंजळीत घेतले. समर्थनं त्याच्या ओंजळीखाली आपला हात धरला, एकही फासा खाली सांडू नये म्हणून. पाखऱ्या खालून वर गेला, कोरडच्या गळ्यातून, नळी चिरत, जबड्याच्या सांध्यापर्यंत. गावानं गमावलेलं सगळं पाणी त्या चिरेतून एकदम फुटलं आणि बाजीच्या, भगताच्या, सगुणाच्या अंगावर लाल होऊन आदळलं. हाडं तरंगायला लागली.

फासे थांबले. तीन, पाच, चार, सहा, एक.

अक्षदानं दोनदा बेरीज केली. एकोणीस, वर तीस, एकोणपन्नास. कोरडचे एक्कावन्न होते. तिनं वही उघडली आणि लिहिलं: पाचवी फेरी अखेर, बाजी तीन, सगुणा बारा, भगत एक, कोरड दोन. सहावी पुढच्या रविवारी.